कुंभारीण आणि सातेरी

कारवी फुलल्याची बातमी आमच्या वाडीत भागाकाकू आणते. या वर्षीही तिनेच आणली. गवताचा भारा गडग्यावर टेकवून ती म्हणाली, "दामू, वरच्या अंगाला जांभळं झालंय बघ." मी चहाचा कप तसाच ठेवला आणि मागच्या दारी गेलो. वरंध घाटाच्या बाजूची सगळी उतरण जांभळी झाली होती. सात वर्षं ही कारवी नुसती पानं घेऊन उभी असते, खरखरीत, गुरंही तोंड लावत नाहीत, आणि मग एका भाद्रपदात सगळा डोंगर ठरवल्यासारखा एकदम फुलतो. मी दोन मिनिटं बघितलं आणि "बघितलं" म्हणून घरात आलो. भागाकाकू ऐंशीची आहे, तिला माझ्या आवाजावरून काय ते कळलं असणार. ती भारा उचलून गेली.

पुण्याकडची माणसं आता घाटात गाड्या थांबवून फोटो काढतात. काढोत बापडी. आमच्याकडे कारवीचं कौतुक दोन गोष्टींसाठी. फुलून वाळली की तिच्या काठ्या घराच्या कुडाला लागतात. माझ्या मागच्या पडवीची भिंत अजून कारवीचीच आहे, वरून मातीनं लिंपलेली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मध. कारवीचा मध दाट, काळसर, चमच्यावरून लवकर न पडणारा. तो सात वर्षांतून एकदा मिळतो, कुणी म्हणतं आठ. गेल्या खेपेला तो मी काढला होता. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्या मधाची आहे, म्हणून मला जांभळा डोंगर बघवत नाही.

आयुष्यात मी दोनच किड्यांना नीट ओळखलं. एक कुंभारीण आणि दुसरी सातेरी.

कुंभारणीची ओळख नोकरीत झाली. चौतीस वर्षं मी लाइनमन होतो. महाड, पाचाड, वरंध, शिवथर, जिथे खांब तिथे मी. पावसाळ्यात तक्रार यायची, वायरमन या, लाइट गेली. मी जाऊन मीटरची पेटी उघडायचो, तर आत चिखलाचं घर. प्लगच्या भोकात चिखल, स्विचच्या फटीत चिखल, एकदा तर पाचाडच्या एका हॉटेलातल्या मिक्सरच्या पिनेच्या भोकातच तिनं संसार थाटला होता. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बारीक कमरेची ही माशी. तिला माशी म्हणावं की गांधील, मला ठाऊक नाही. आमच्याकडे कुंभारीणच म्हणतात. मी खिशात एक वाकवलेली तार ठेवायचो, फक्त तिच्यासाठी. माती खरवडली की आतून हिरव्या अळ्या पडायच्या, जिवंत पण हलता न येणाऱ्या. मी त्या पायानं चिरडायचो आणि लाइट चालू करून द्यायचो. लोक चहा द्यायचे. अशी किती घरं मोडली असतील, देव जाणे.

सातेरी, म्हणजे पेटीत पाळायची मधमाशी, हिची ओळख शालननं करून दिली. शालन माझी बायको. पोलादपूरचा बाळाराम म्हणून एक मध काढणारा माणूस होता, तो डोंगरातल्या बायकांना पेट्या द्यायचा आणि कसं सांभाळायचं ते शिकवायचा. शालननं एक पेटी घेतली. अंगणात फणसाखाली चार पायांच्या घोडीवर ती ठेवली, पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मी म्हटलं, घरात मिरची कुटायला वेळ नाही आणि हे कशाला. ती म्हणाली, "तुमचा डबा वेळेवर मिळतोय ना?" विषय संपला.

बाळारामनं तिला एकच नियम सांगितला होता आणि तो ती मला दहा वेळा ऐकवायची. पेटीला दोन कोठ्या असतात. वरच्या कोठीतला मध आपला, खालच्या कोठीतला त्यांचा. खालीच राणी, खालीच अंडी, पिल्लं, खालीच त्यांची शिदोरी. तिथे हात लावायचा नाही. शालन पेटीला "पोरी" म्हणायची. सकाळी अंगण झाडताना त्यांच्याशी बोलायची, भाताला लोंब्या धरल्या, आज खालच्या शेतावर जाऊ नका गो, फवारलंय. मी खांबावरून उतरून घरी यायचो तेव्हा मला ऐकू यायचं की ती माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलते. मला राग यायचा असं नाही. पण आपण माश्यांच्या रांगेत मागे उभे आहोत, एवढं वाटायचं.

दोघींना मी पुष्कळ बघितलं आहे, रिटायर झाल्यावर तर तेवढंच काम होतं. सातेरीला एकटेपण ठाऊक नाही. एक माशी काढून काचेच्या बरणीत ठेवा, साखरपाणी द्या, उजेड द्या, ती दोन दिवसांत मरते. तिला काही झालेलं नसतं, खायला असतं, तरी मरते. कुंभारीण सगळं एकटीनं करते. ओल्या जागेवरून चिखलाची गोळी उचलून आणते, भिंत घालते, आत अंडं ठेवते, अळ्या धरून आणून भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. पुढे आतून कोण बाहेर आलं, ते तिला कधी कळत नाही. बाहेर आलेल्यालाही आई कोण हे ठाऊक नसतं. सातेरी डसली की स्वतः मरते, दुसऱ्यांसाठी. कुंभारीण डसत नाही सहसा, आणि डसली तरी स्वतःसाठी. सातेरी घर सोडते तेव्हा सगळी वसाहत मिळून सोडते. कुंभारणीचं घर सुरुवातीपासून सोडण्यासाठीच बांधलेलं असतं.

मी स्वतःला कुंभारणीच्या बाजूचा समजत आलो. पस्तीस फुटांवर पट्टा लावून, भर पावसात, खाली कुणी नसताना काम केलेला माणूस मी. मला कुणी लागत नाही, हे मी इतक्या वेळा बोललो आहे की वाडीतल्या पोरांनाही पाठ असेल. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा माझा स्वभाव.

मागची कारवी फुलली त्या वर्षी प्रशांतला, म्हणजे माझ्या मुलाला, मुलगी झाली. तो मुंबईजवळ दिव्याला राहतो. सून नोकरी करते. गणपतीला आले तेव्हा पोर महिन्याची होती, दुपट्यात गुंडाळलेली. विसर्जनानंतर चाकरमानी परत निघाले, आमच्या वाडीतल्या अर्ध्या घरांची दारं बंद झाली, आणि त्यांच्याबरोबर शालनही निघाली. तीन महिन्यांसाठी. पोरीनं जरा बाळसं धरलं की येते म्हणाली. गाडीत बसायच्या आधी ती फणसाखाली गेली, पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मग मला म्हणाली, "पोरींना बघा. कारवीचा मध बाळाराम काढील, तुम्ही हात लावू नका." मी म्हटलं, बरं. तिनं नातीला पदराखाली घेतलं, गाडी वळणावरून गेली. मी अंगणात आलो तर दुर्वा, केळीची पानं, फटाक्याचे कागद पडले होते. ते झाडायलाही जिवावर आलं. पहिल्यांदा कळलं की घर खायला उठतं म्हणजे काय.

आश्विनात सगळी फुलं भरात आली. पेटी एवढी गुणगुणायची की ओसरीत बसून ऐकू येई. आणि मग भावकीचे फोन सुरू झाले. आमच्याकडे फोनची रेंज फक्त घाटाच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी मिळते. तिथे संध्याकाळी जाऊन उभं राहिलं की टणाटण मेसेज यायचे. "दामूअण्णा, आमची एक बाटली ठेवा." "काका, कारवीचा आहे ना? दिवाळीला न्यायला येतो." भाचे, पुतणे, विक्रोळीचे, नालासोपाऱ्याचे. एरवी वर्षात ज्यांचा फोन नाही, ते नावानं हाक मारू लागले. मी सगळ्यांना हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. कुणाला तरी माझ्याकडून काही हवं होतं.

बाळाराम त्याच आठवड्यात तापानं आजारी पडला. मी त्याचं मध काढायचं फिरतं यंत्र उचलून आणलं आणि मध स्वतः काढला. वरच्या कोठीतलाच काढला, नियमानं. बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, दिवाळीला आलेल्यांना दिल्या. सगळ्या दिल्यावर लक्षात आलं की शालनसाठी एकही उरली नाही. तिच्या माश्या, तिची पेटी, सात वर्षांचा मध, आणि तिलाच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा पोरगा दिव्यालाच जाणार होता. मी एक मिनिट उभा राहिलो असेन. मग खालची कोठी उघडली.

चोरी करताना माणसाला जशी घाई असते तशी मला घाई झाली. चार फ्रेमी, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, बाहेर काढल्या. पिल्लांचा भाग सोडून वरच्या कडेचा मध काढायचा असं ठरवलं होतं, पण यंत्रात फ्रेम फिरली की कुठला भाग आणि काय. पांढरी पिल्लं मधात आली. मी ती गाळली. बाटली भरली, पुसली, चिठ्ठी न लावता पोराच्या हातात दिली. माश्यांनी मला सात-आठ ठिकाणी डंख मारले. आठवत नाही फारसं दुखल्याचं.

बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, पेटीचा आवाज बदलला. मी ओसरीत विळा परजत होतो. बाहेर आलो तर दारातून माश्या पाण्यासारख्या ओसंडत होत्या. अंगणभर गोल गोल, फणसाच्या शेंड्याएवढ्या उंच. घर सोडून निघाल्या की माती उधळायची, पाणी मारायचं, म्हणजे जवळ कुठे तरी फांदीवर बसतात, असं शालन सांगायची. मी मूठमूठ माती उधळली, बादलीनं पाणी फेकलं, साठीतला माणूस अंगणात नाचत होता. भागाकाकू गडग्यापलीकडून बघत होती. ती म्हणाली, "दामू, जाऊ दे रे. त्यांचं ठरलंय." ढग वर उचलला गेला आणि शिवथरच्या अंगाला निघून गेला. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की माझ्या मुठीत माती तशीच आहे.

संध्याकाळी तीन-चार माश्या परत आल्या. रानात गेल्या होत्या, मागे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मांडीवर फुलांची पूड घेऊन त्या पेटीच्या दारात उतरल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही त्या दारातच बसून होत्या. तिसऱ्या दिवशी नव्हत्या. त्या तीन-चार माश्यांची मला अजून जेवढी आठवण येते तेवढी माणसांचीही येत नाही.

मी वळणावर पोचलो की शालन रोज फोन करायची, सहाच्या सुमाराला. पहिलं वाक्य ठरलेलं. "जेवलात? पोरी कशा हायत?" त्या दिवशी मी म्हटलं, बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग सवयच लागली. कारवीची फुलं गळली, बी धरलं, झाडं वाळून काठ्या झाल्या, मी सांगत होतो, बऱ्या आहेत, चांगल्या आहेत, गुणगुणतात. आपल्या चुकीनं तिच्या पोरी गेल्या हे तिला लांबून सांगायची हिंमत मला झाली नाही. वाटलं, येईल तेव्हा समोर सांगू. तीन महिने झाले, सुनेची सुट्टी संपली, नातीला पाळणाघरात ठेवायला जीव होईना, शालन म्हणाली, अजून सहा महिने राहते. मी म्हटलं, राहा. मला काही अडत नाही.

पुढच्या गणपतीला ती आली. गाडीतून उतरून आधी फणसाखाली गेली. झाकण काढलं. आत मेणकिड्यानं जाळं केलं होतं, कोळी होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. विहिरीवर नेऊन पेटी घासून धुतली, उन्हात वाळवली आणि घोडीवर उलटी घालून ठेवली. मी तोंड उघडायला गेलो तर ती म्हणाली, "गौरीची तयारी करायची हाय, तेरड्याची रोपं आणून द्या." त्यानंतर तिनं फोनवर पोरींचं कधी विचारलं नाही. "जेवलात?" आणि मग एकदम नातीचं. चिऊ बसायला लागली, चिऊ चालायला लागली, चिऊ शाळेत जायला लागली.

वर्षातून सात दिवस ती इथे असते. आठव्या दिवशी मी एकटा. मी सगळ्यांना सांगायचो, पुढची कारवी फुलेपर्यंत थांबायचंय, नवीन पेटी भरायची आहे. खरं म्हणजे ती परत येईल म्हणून थांबलो होतो. आणि माश्या असत्या तर ती केव्हाच परत आली असती, असं मनाशी धरून बसलो होतो.

या वर्षी गणपतीच्या आधी मी पोटमाळा झाडायला स्टुलावर चढलो आणि पडलो. पस्तीस फुटांवरून कधी न पडलेला माणूस दीड हात स्टुलावरून पडला. कंबरेत अशी चमक भरली की सकाळी नऊला पडलेला मी दुपारी चारपर्यंत जमिनीवर होतो. वरती वाशाला कुंभारणीची पाच-सहा मडकी दिसत होती, सगळी भोकं पडलेली, रिकामी. दर वर्षी गणपतीला रंग काढायच्या आधी मी ती खरवडतो. त्या दिवशी तेवढा वेळ मी तीच बघत पडलो होतो, दुसरं करणार काय. चारला भागाकाकू मीठ मागायला आली आणि तिनं ओरडून माणसं गोळा केली. नंतर मला पाणी पाजताना म्हणाली, "जल्मभर खांबावर चढलास तो नाय पडलास, आन् घरात पडलास? आज मीठ असतं माझ्या घरी, तर काय केलं असतंस रे?"

मी हसलो. ती हसत नव्हती.

ही गोष्ट प्रशांतच्या कानावर जाणारच होती. तो गणपतीला आला तेव्हा महाडच्या बाजारातून एक मोठं पितळी कुलूप घेऊन आला. निघताना ते दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत आवरून घ्या. मी येतो न्यायला. आईनं पण तेच सांगितलंय." मी शालनकडे बघितलं. ती चिऊच्या वेण्या घालत होती, तोंडात पिन धरून. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, ती एवढं जरी म्हणाली असती, "मीच येते इकडे", तर मी ते कुलूप नदीत टाकलं असतं. पण तिनं दुसरी वेणी घालायला घेतली. गाडी वळणावरून गेली. अंगणात दुर्वा, केळीची पानं, पुन्हा तेच. फरक एवढाच की आता खिळ्याला कुलूप लटकत होतं.

चारच दिवसांनी भागाकाकूनं डोंगर जांभळा झाल्याचं सांगितलं. आणि त्याच आठवड्यात मला कुलपापाशी कुंभारीण दिसली.

किल्लीच्या भोकात शिरत होती ती. मी ओसरीवर खुर्ची टाकली. तोंडात हिरवी अळी, स्वतःएवढी लांब, ती आडवी धरून ती भोकात शिरायला बघत होती, अळी अडकत होती, मग बाहेर येऊन ती उलटी धरून शेपटीकडून ओढत नेत होती. दोन दिवसांत तिनं सहा अळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी चिखलाच्या गोळ्या आणून तोंड लिंपलं, डोक्यानं गुळगुळीत केलं. मग एकदा उडून गेली ती परत आली नाही. वाकवलेली तार अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी खण उघडलासुद्धा. मग बंद केला.

प्रशांतचा फोन आला, "कुलूप लावून बघितलंत का?" मी सांगितलं काय झालंय ते. तो वैतागला. "बाबा, खराट्याची काडी घाला आणि काढा ना. तुम्हीच ना लाइनमन?" मी म्हटलं, बघतो. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, आई बोलते. मी वळणावर टाकीच्या कठड्यावर बसलो होतो, समोर सगळी उतरण फुललेली, पाच वाजताचं ऊन.

"जेवलात?" ती म्हणाली.

"जेवलो. कारवी फुलली गो."

ती म्हणाली, "सात वर्षं झाली. चिऊएवढी झाली कारवी."

मला माहीत नाही मी ते आताच का बोललो. स्टुलावरून पडल्यापासून काही तरी ढिलं झालं असेल. मी म्हटलं, "शालन, पोरी मी घालवल्या. खालच्या कोठीतला मध काढला. तुझ्यासाठी एक बाटली नव्हती म्हणून. रोज तुला खोटं सांगत होतो."

"मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"बाटली उघडली त्याच दिवसापासून. वरच्या कोठीतला मध मला कळत नाय होय? पिल्लांचा वास होता तिला. म्हटलं, आता पेटी ठरत नाय." तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "रोज विचारत होते तुम्हाला. पोरी कशा हायत, पोरी कशा हायत. तुम्ही एकदा सांगावं म्हणून."

"सांगितलं असतं तर?"

"तर दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं आले असते. घरात कुणी गेलं की त्याचं तोंड बघायला माणूस येतो, तसं. तुम्ही म्हणालात, बऱ्या हायत. काय अडत नाय म्हणालात. मग म्हटलं, या माणसाला कुणी नको हाय. आपण कशाला जायचं?"

सात वर्षं मी तिच्या परत येण्याची वाट बघत होतो आणि ती माझ्या एका वाक्याची. कुंभारीण असल्याची मी शेखी मिरवली, आणि ती खरी मानून माझी माणसं बाजूला झाली. त्यात त्यांचा काय दोष? मी तर बरणीतली सातेरी होतो. साखरपाणी होतं, उजेड होता.

"मला इथं एकट्याला बरं वाटत नाही," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी टाकीचा कठडा धरला होता. "तू ये."

तिनं कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आता नाय हो येववत. चिऊ मला सोडत नाय. शाळेतून येते ती माझ्या पिशवीत हात घालत येते. तेव्हा बोलला असतात..." ती थांबली. "तुम्ही या. कुलूप लावा आणि या."

"कुलपात कुंभारीण आहे."

ती हसली. पुष्कळ वर्षांनी ऐकलं मी ते हसणं. "मग तिचं पोर निघू द्या. तोपर्यंत पेटी धुऊन ठेवा. सरळी ठेवा, दार उघडं ठेवा. कारवीचं वर्ष हाय, कुणी तरी येईल."

त्यानंतरचे तीन आठवडे मी आवरत होतो. भांडी पोत्यात भरली, बी-बियाणं भागाकाकूला दिलं, चौतीस वर्षांच्या नोकरीचा पट्टा आणि बूट कुणाला देऊ हे न कळून पुन्हा खिळ्याला टांगले. वाशावरची जुनी मडकी तशीच ठेवली. सकाळी उठून कुलपाकडे बघायचो, मातीचं तोंड शाबूत. डोंगरावरची फुलं खालून वर गळत गेली. पेटी मी विहिरीवर नेऊन घासली, उन्हात वाळवली, आतून जुनं मेण चोळलं, घोडीवर सरळी ठेवली. भागाकाकू गडग्यावरून बघत होती. म्हणाली, "राहणार कोण हाय इथं, आन् पेटी मांडतोस?" मी म्हटलं, शालननं सांगितलंय. ती म्हणाली, "मग मांड." मग गडग्याला टेकून म्हणाली, "मीठ आता कुणाकडे मागू रे मी?" मी तिला मिठाची बरणीच देऊन टाकली. ती तिनं घेतली, पण तिला मीठ नको होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आज सकाळी कुलपाच्या मातीला एक गोल भोक दिसलं, आतून कोरून पाडलेलं. जे निघालं ते कुठेच दिसलं नाही. ओसरीवर नाही, फणसावर नाही. कोनाड्यात शालनची केसांची पिन होती, गणपतीत विसरलेली. त्या पिनेनं मी भोकातली माती काढली, किल्ली घातली. आधी थोडी करकरली, मग फिरली. पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी भरलं आणि महाडला जाणारी दुपारची गाडी वेळेवर आहे का, ते भागाकाकूला विचारून आलो.